चौसष्टच्या खाली

“काका, पळायचंय की नाही, हे तुम्ही घोडीला विचारलंत का?”

मी हे विचारलं तेव्हा बिरूअण्णा खरात खोगिरावरून पुरते उतरलेही नव्हते. एक पाय रिकिबीत, दुसरा हवेत, आणि तोंडावर धुळीचा असा थर की नुसते डोळे आणि मिशा दिसत होत्या. आजूबाजूला सगळं माळसोंड गाव जमलेलं. माझ्या मागे तेजल फोन धरून, आणि तिच्या मागे मुमताज, हसू दाबायला ओढणी तोंडात कोंबून.

पैज त्या दोघींनीच लावली होती. “स्टेजवर भाषण ठोकणं वेगळं आणि खऱ्या माणसाला तोंडावर विचारणं वेगळं,” तेजल म्हणाली होती. “आहे हिंमत?”

आता मी दहावीत आहे. तेव्हा आठवीत होते आणि हिंमत हा शब्द कुणी नुसता उच्चारला तरी उठून उभी राहायचे. त्याचं कारण असं, की सातवीपर्यंत मी हजेरीला ‘हजर’ इतक्या हळू म्हणायचे की दोनदा माझी गैरहजेरी लागली होती. मग त्या जानेवारीत तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ‘मुक्या जिवांची कैफियत’ या विषयावर माझा पहिला नंबर आला. पेपरात फोटो आला. माझ्या आत कुणीतरी लाउडस्पीकर बसवून गेलं, आणि तो बंद करायचं बटण कुठे असतं ते काही सांगून गेलं नाही.

बिरूअण्णा खाली उतरले. खोगिराचा पट्टा सैल करत म्हणाले, “व्हय की. रोज इचारतो.”

लोक हसले. “सकाळी दावं सोडलं की ती…” असं ते पुढे काहीतरी सांगायला लागले होते, पण मला कुठे थांबायचं होतं!

“आणि ती काय म्हणाली? चाळीस किलोमीटर पळते, उन्हात पळते, तुम्ही आपले निवांत बसा माझ्या पाठीवर, असं म्हणाली?”

काय टाळ्या पडल्या! शिट्ट्यासुद्धा. बिरूअण्णांनी एकदा सगळीकडे वर केलेले फोन पाहिले आणि ते पुन्हा पट्टा सोडायला लागले. मला वाटलं, मी जिंकले.

ती घोड्यांची लांब पल्ल्याची दौड होती. आमच्या भागात पहिल्यांदाच. वीस वीस किलोमीटरच्या दोन फेऱ्या, आणि मधला थांबा आमच्या शाळेच्या मैदानावर, म्हणून रविवार असूनही आम्हाला गणवेशात बोलावलेलं. पहिली फेरी करून घोडा आला की त्याच्या छातीचे ठोके मोजायचे. वीस मिनिटांच्या आत ते चौसष्टच्या खाली आले तर तो पुढे जाणार, नाहीतर बाद. हे सगळं फाटकावरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. तो फलक मी सकाळीच वाचायला घेतला होता. ‘चाळीस किलोमीटर’ इथपर्यंत वाचला आणि माझा संताप इतका झाला की खालचं वाचायची गरजच वाटली नाही.

घोडीचं नाव साळुंकी. बदामी रंगाची, कानांची टोकं वर जाऊन एकमेकांना टेकणारी. वीस किलोमीटर पळून आलेला घोडा मी तोवर जवळून पाहिलाच नव्हता. मानेवर घामाचा फेस, नाकपुड्या आतून लालभडक, पोटावरच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. मला वाटलं, ही मरतेय.

तेवढ्यात बिरूअण्णांची बायको, हौसाबाई, दोन बादल्या घेऊन आली. नऊवारीचा काचा मारलेला, पायात कॅनव्हासचे बूट. तिने मगाने साळुंकीच्या मानेवर, मांड्यांवर पाणी मारायला सुरुवात केली. मारायची, लाकडी पट्टीने निपटून काढायची, परत मारायची.

“अहो बाई, तापलेल्या अंगावर गार पाणी?” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. “जीव घेता का तिचा?”

मला ते पटलंच. आमच्या घरी उन्हातून आल्यावर आई घोटभर पाणीसुद्धा लगेच पिऊ देत नाही. मी पुढे झाले आणि हौसाबाईच्या हातातली बादली धरली. ती बिचारी एवढी चकित झाली की तिची पकड सुटली. पाणी जमिनीवर गेलं. पुन्हा टाळ्या.

“वाट दे पोरी,” बिरूअण्णा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “तिला चालती ठेवायची हाय. हिकडनं तिकडं जरा.”

“अजून चालवणार? वीस किलोमीटर पुरे नाही झाले?”

आणि मी साळुंकीचा लगाम धरला. हनुवटीखाली, घट्ट. मला भीती होती की ती हिसका देईल. तिने काहीच केलं नाही. उलट तिचं ते ओलं, गरम कपाळ माझ्या खांद्यावर टेकवलं. मी तेजलकडे पाहिलं. फोन बरोबर आमच्यावर होता. पोज इतकी सुंदर होती!

“सोडू नकोस ताई!” मागून आवाज आला. मला पहिल्यांदाच कुणीतरी ताई म्हटलं होतं.

लोक जवळ सरकले. त्यांनी कडंच केलं आमच्याभोवती. हौसाबाई त्यातून वाट काढत माझ्यापाशी आली आणि दातओठ खाऊन म्हणाली, “आगं बये, सोड की लगाम. तुला न्हाय कळायचं ह्यातलं.”

“कळायला आधी माणूस व्हावं लागतं, काकू!”

हे वाक्य माझ्या भाषणातलं होतं. तालुक्याला त्यावर परीक्षकांनीही मान डोलावली होती. हौसाबाईचा चेहरा मी ते म्हणताना पाहिला नाही, कारण मी कॅमेऱ्याकडे पाहत होते.

बिरूअण्णांनी एक हात उचलला होता. मला बाजूला करायला एक कोपर पुरलं असतं, मी केवढी ती! पण त्यांनी फोन पाहिले, माझा गणवेश पाहिला, आणि हात खाली घेतला. मग गर्दीतून घुसत ते डॉक्टरांना शोधायला गेले. डॉक्टर वाघचौरे मॅडम मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, कबड्डीच्या आखाड्यापाशी दुसऱ्या घोड्याची तपासणी करत होत्या.

शाळेचं मोठं घड्याळ माझ्या बरोबर समोर होतं. मी लगाम धरला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

आधी तिच्या मागच्या मांड्या थरथरल्या. मला वाटलं, माशा बसल्या असतील. मग तिने मागचा एक पाय उचलायचा प्रयत्न केला आणि तो उचललाच गेला नाही, जमिनीत रोवल्यासारखा. मी तिला “बस, बस, आराम कर” असं म्हणत होते. खरंच म्हणत होते, व्हिडिओत ऐकू येतं. ती मागच्या बाजूने खचली, कुत्रं बसतं तशी, आणि मग धाडकन कुशीवर पडली. लोक मागे पळाले. मीही पळाले. लगाम माझ्या हातातून कधी सुटला कळलं नाही. तिने पडल्यापडल्याच लघवी केली, तिचा रंग काळ्या चहासारखा होता.

“व्हा मागे! वारा सोडा तिला!” वाघचौरे मॅडम धावत आल्या. “पाणी कुठाय? कुणी बंद केलं पाणी?” त्यांनी साळुंकीच्या मांडीवर हात दाबला, तो जरासुद्धा आत गेला नाही. “किती वेळ उभी होती ही अशी? बिरू, किती वेळ?”

“मी हितं नव्हतो, डागदरबाई. तुमाला बगाया आलो हुतो.”

“अरे कुणीतरी सांगा! किती मिनिटं?”

अकरा सव्वीस. सोळा मिनिटं. मला अगदी अचूक माहीत होतं. मी तेजलच्या शेजारी उभी होते, हात ओढणीला पुसत.

माझे पप्पा मोबाईलचं दुकान चालवतात आणि ‘माळसोंड वार्ता’ नावाचं फेसबुक पेजही. तेजलच्या फोनवरचा व्हिडिओ त्यांनी संध्याकाळी टाकला. आधी माझा प्रश्न, मग टाळ्या, मग एकदम घोडी कोसळताना. वर मथळा: ‘आठवीतल्या लेकीने विचारला जाब, अन् अर्ध्या तासात घोडी कोसळली!’ पाहणाऱ्याला वाटावं, पळवून पळवून पाडली आणि या मुलीला आधीच कळलं होतं. रात्रीतून तो एक लाख लोकांनी पाहिला. कुठल्या कुठल्या शहरांतल्या लोकांनी लिहिलं होतं की असल्या शर्यती बंद करा, त्या दाढीवाल्याला तुरुंगात टाका. बिरूअण्णांना दाढी नाही, मिशा आहेत. तेवढी चूक मी दुरुस्त केली, कमेंटमध्ये. त्या लोकांना मी तेवढंच उत्तर दिलं.

सोमवारी प्रार्थनेला मुख्याध्यापकांनी मला पुढे बोलावलं. त्याच दिवशी गावातल्या एका मंडळाने पोलिसांत तक्रार दिली. बिरूअण्णांवर प्राण्याचा छळ केल्याचा गुन्हा, आणि साळुंकीला बुधवारी शहरातल्या निवारा केंद्राची गाडी येऊन घेऊन जाणार. बुधवारीच संध्याकाळी मंडळातर्फे माझा सत्कार, शाल आणि श्रीफळ.

“हिरॉइन!” मुमताज म्हणाली. मधल्या सुट्टीत तेजलने मात्र हळूच विचारलं, “केतकी, तुझ्या पप्पांनी मधला भाग का कापला गं? तू लगाम धरलेला?”

“लांब होत होता,” मी म्हणाले.

मंगळवारी शाळा सुटल्यावर पप्पा मला स्कूटरवरून खरातवस्तीवर घेऊन गेले. घोडीला गाजर भरवताना माझा एक व्हिडिओ त्यांना हवा होता. त्यांनी अर्धा किलो गाजरं घेतली होती. वस्तीच्या अलीकडे मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला, म्हणून ते थांबले आणि म्हणाले, “हो पुढे, आलोच.”

साळुंकी उभी होती. बाभळीच्या फांदीला सलाइनची मोठी बाटली टांगलेली, नळी तिच्या मानेत. वाघचौरे मॅडम बाटली बदलत होत्या, बिरूअण्णा तिचं डोकं धरून उभे होते. कातडी ढिली पडल्यासारखी दिसत होती. दोन दिवसांत एवढी वाळली?

“तूच ना ती?” मॅडमनी विचारलं. मी मान हलवली. “ये इकडे. हात लाव इथे, मांडीवर. आता जरा मऊ लागतंय ना? रविवारी दगड झाला होता.”

“पळून पळून?”

“पळून नाही. पळणं एकदम थांबल्यामुळे, बहुतेक. तापलेला घोडा आला की त्याला हळूहळू चालवायचं आणि पाणी मारत राहायचं. अंगातली आग अशी बाहेर काढायची. तसाच उभा केला, वर भोवती माणसांची भिंत, की स्नायू आखडतात, आतून फाटायला लागतात. ते सगळं मग मूत्रपिंडावर येतं.” त्यांनी बाटलीवर टिचकी मारली. “हिचे ठोके मी कितीतरी दौडींत मोजलेत, इतकी वर्षं ओळखते हिला. दहा मिनिटांत चौसष्टच्या खाली येते ही. कधी चुकली नाही.”

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, “पण काही लोक खरंच मारून पळवतात.”

“पळवतात की. रविवारी सकाळीच दोघांना बाद केलंय मी, पाठीवर चाबकाचे वळ होते. तू विचारलंस त्यात काही चूक नव्हती. यांना विचारलंस, एवढंच.” मग त्या बिरूअण्णांकडे वळल्या. “आणि तुम्ही अजून सांगत नाही. लगाम कुणी धरून ठेवला होता? मला अहवालात लिहायचंय.”

हौसाबाई चुलीपाशी चहा गाळत होती. तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं.

“गर्दी हुती, डागदरबाई,” बिरूअण्णा म्हणाले. “गर्दीला कुठं नाव असतंय?”

मॅडम उसासा टाकून जीपमधून औषध आणायला गेल्या. माझा लाउडस्पीकर पार बंद पडला होता. मी अगदी हजेरीच्या आवाजात विचारलं, “अण्णा, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?”

“आटवीत हायस न्हवं तू? पोलिसाचं कागूद लई वाईट. एकदा त्येच्यात पोरीचं नाव गेलं की ते निगत न्हाय.”

“मी सांगणार हुते,” हौसाबाई म्हणाली. चहाचा कप तिने माझ्या हातात दिला, पण माझ्याकडे न बघता. “ठेसनात उभी राहून सांगणार हुते. ह्यांनी आडवलं. तुजं नाव वाचलं आन् माजी घोडी चालली. उद्या सकाळी धाला गाडी येतीया. शिंगरू असल्यापास्नं ह्या हातानं वाढवलीय. तितं तिला कोण वळखतंय? खाणार न्हाय ती तितं.”

“हौसे, गप,” बिरूअण्णा म्हणाले. “चा पिऊंदे तिला.”

मी चहा प्यायले. कसा प्यायले कुणास ठाऊक. त्या वेळी सांगता आलं असतं. जीप पन्नास पावलांवर होती. मॅडमच्या मागे पळत जाऊन दोन वाक्यं बोलायची होती, बस. मी कप विसळून पालथा ठेवला.

मग पप्पा आले. “चल गं, गाजर काढ. उजेड आहे तोवर.”

आणि मी काढलं. हेच मला आजही कुणाला सांगावंसं वाटत नाही. मी गाजर काढलं आणि साळुंकीपुढे धरलं. तिने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

“परत,” पप्पा म्हणाले. “आणि जरा हस. रडका चेहरा नको.”

दुसऱ्यांदाही तिने तोंड फिरवलं. तेव्हा बिरूअण्णांनी तिचं डोकं हलकेच माझ्याकडे वळवलं, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, “घे गं साळुंके. पोरीचं मन ऱ्हाईल.”

तिने घेतलं. मी हसले.

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. आई माझ्या सत्काराच्या ड्रेसला इस्त्री करत होती, निळा ठेवायचा की पिवळा यावर तिचं आणि पप्पांचं चाललं होतं. पप्पांनी गाजराचा व्हिडिओ लॅपटॉपवर घेतला. “यात बघ कशी दिसतेयस! घोडीसुद्धा कशी शांत खातेय तुझ्या हातून.”

“पप्पा, रविवारचा सगळा व्हिडिओ आहे तुमच्याकडे? मधला?”

“आहे. का?”

“तुम्ही पाहिलात तो?”

पप्पांनी की-बोर्डवरचा हात काढला. “त्यात तू नीट दिसत नव्हतीस. आणि लोकांना एवढं लांबलचक बघायला वेळ नसतो बेटा.”

“मी सोळा मिनिटं तिला अडवून धरली होती. पाणी मी सांडलं. ती माझ्यामुळे पडली.”

इस्त्रीची वाफ थांबली. “असं काय बोलतेस?” आई म्हणाली. “तू लहान आहेस. तुला काय कल्पना! चांगल्या मनानेच केलंस ना?”

“अण्णांना सगळं माहीत होतं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही.”

“मग झालं तर!” पप्पा म्हणाले. “त्यांनीच घेतलं नाही ना? आपण कशाला उकरायचं? केतकी, उद्या आमदारांचे भाऊ येणार आहेत सत्काराला. पत्रिका छापल्यात. आता तू फिरलीस तर या पेजवर पुन्हा कोण विश्वास ठेवेल? माझ्यावर काय म्हणतील?”

“खोटारडा म्हणतील,” मी म्हणाले. “मला पण म्हणतील.”

आईने इस्त्री उभी केली आणि ती माझ्या जवळ आली, बहुतेक कपाळाला हात लावून ताप बघायला. मी मागे सरकले, कारण तिने हात लावला असता तर मी रडले असते आणि मग बोलणं राहूनच गेलं असतं.

“सत्काराला मी येणार नाही,” मी म्हणाले. “सकाळी नऊला मी पोलीस ठाण्यात जाणार आहे. गाडी दहाला येते. लगाम मी धरला होता, असं माझ्या नावानिशी लिहून देणार आहे, आणि मूळ व्हिडिओ तेजलकडून घेऊन तिथे दाखवणार आहे. तुम्हा दोघांपैकी कुणी आलात तर बरं होईल, लहान मुलीचं म्हणणं एकटीचं घेत नाहीत म्हणे. पण कुणी नाही आलात तरी मी जाणार आहे.”